कोप कोणाचा? नाणेघाटातील यम आणि ग्रीकांचा हेडीज

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालेली वाट सह्याद्रीच्या कड्याशी जिथे कोकणात उतरू लागते, तिथे नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. राजा सातकर्णी आणि ही राणी यांनी केलेले यज्ञ, त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि नाणी यांची मोजदाद त्यात आहे. मात्र या मोजदादीपूर्वी लेखाच्या आरंभी देवतांना नमन केलेले आहे. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, आणि त्यांच्यामागून चार लोकपाल : यम, वरुण, कुबेर आणि वासव. चार दिशांच्या या रक्षकांत पहिले नाव यमाचे आहे.

याच जुन्नरच्या डोंगरांत, पहाडात खोदलेल्या बौद्ध लेण्यांवर तीन लहान लेख आहेत. तिन्ही लेखांतील दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चित नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने मानमोडी डोंगरातील एका चैत्यगृहाचे दर्शनी काम करून दिले. ‘यवन’ हा शब्द ‘आयोनियन’ या ग्रीक जमातीच्या नावावरून आला. हे तिघे थेट ग्रीस देशातून आलेले होते, की पिढ्यान्पिढ्या भारतात राहून इथल्या मातीत मिसळलेले होते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी मृत्युलोकाच्या देवाला ‘हेडीज’ म्हटले असेल अशी माणसे, आणि ज्यांनी त्याला ‘यम’ म्हटले अशी माणसे, दोन हजार वर्षांपूर्वी एकाच बाजारपेठेत व्यवहार करीत होती, एकाच घाटातून ये-जा करीत होती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या दोन तालुक्यांच्या आधाराने एका जुन्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा या लेखाचा हेतू आहे. मृत्यूचा देव रागावतो काय? माणसे अकाली मरतात तेव्हा तो कोणाचा तरी कोप असतो काय? हा प्रश्न केवळ पुराणकथांचा नाही. आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला तेव्हा तो प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहिला, आणि पावसाळा आला की तो अजूनही कुठे ना कुठे उभा राहतो.

प्रथम ग्रीकांकडे वळू. ग्रीक कथेनुसार क्रोनस या देवाच्या तीन पुत्रांनी विश्वाची वाटणी केली. झ्यूसला आकाश मिळाले, पोसायडनला समुद्र मिळाला आणि हेडीजच्या वाट्याला पृथ्वीखालचा अंधार आला. ही वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली होती. म्हणजे हेडीज हा स्वर्गातून ढकलून दिलेला बंडखोर नव्हे, आपल्या अर्थाने सैतान तर मुळीच नव्हे. तो तिघांतला एक भाऊ होता आणि वाट्याला आलेले राज्य सांभाळीत होता. लोकांना मात्र त्याची इतकी धास्ती वाटे की ते त्याचे नाव घेणेही टाळीत. ‘प्लूटो’, म्हणजे संपत्ती देणारा, असे गोड नाव त्यांनी त्याला दिले, कारण धान्य आणि धातू ही दोन्ही जमिनीच्या पोटातूनच येतात. आपल्याकडे सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणण्याची रीत आहे. तिच्यामागची भीती आणि या नावामागची भीती एकाच जातीची.

इलियड महाकाव्यात राजा अगामेम्नन एके ठिकाणी म्हणतो, की हेडीज कोणाला वश होत नाही, त्याचे मन वळत नाही, म्हणूनच तो माणसांना सर्व देवांत अधिक अप्रिय आहे. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. तक्रार हेडीजच्या रागाविषयी नाही, तर तो पालटत नाही याविषयी आहे. रागावलेल्या देवाची समजूत काढता येते. त्याला बळी देता येतो, नवस बोलता येतो. ज्याला रागच नाही, त्याच्यापुढे मात्र माणसाचे सारे उपाय संपतात. होमरचा हेडीज एकदा घाबरतो, हेही गमतीचे आहे. देवांच्या युद्धात पोसायडन पृथ्वी हादरवू लागतो तेव्हा हेडीज सिंहासनावरून उडी मारून ओरडतो, की जमीन दुभंगेल आणि आपले अंधारे घर साऱ्यांना दिसेल!

हेडीजच्या नावावर रागाच्या म्हणून ज्या कथा सांगितल्या जातात त्या नीट तपासल्या की आणखी एक गोष्ट दिसते. अस्क्लेपियस नावाचा वैद्य आपल्या कलेच्या बळावर मेलेल्यांना उठवू लागला. आपले राज्य ओस पडेल, अशी तक्रार हेडीजने झ्यूसकडे केली. संतापून वज्र टाकले ते झ्यूसने. पिरिथस नावाचा राजा आपला मित्र थीसियस याला घेऊन थेट हेडीजच्या पत्नीला, पर्सिफोनीला, पळवून आणावयास पाताळात उतरला. हेडीजने आरडाओरडा केला नाही, शस्त्रही उचलले नाही. त्याने दोघांना बसावयास आसन दिले, आणि त्या आसनावरून त्यांना उठता येईना. पुढे थीसियस सुटला, पिरिथस तिथेच राहिला. पर्सिफोनीच्या मूळ कथेत पृथ्वीवर दुष्काळ पडतो, पण तो हेडीजच्या कोपाने नव्हे. लेक हरवलेल्या डिमिटर मातेच्या क्रोधाने शेते करपतात. लेकीला परत पाठवण्याचा निरोप येतो तेव्हा हेडीज स्मित करून तो मानतो, मात्र तिला डाळिंबाचा दाणा खावयास देऊन तिच्या परतीची सोय आधीच करून ठेवतो.

तात्पर्य, ग्रीकांचा मृत्युदेव मर्यादा ओलांडणाऱ्याला अडवतो. सरसकट माणसांवर तो चिडत नाही. या नियमाला अपवाद वाटावी अशी एक कथा मात्र आहे, आणि तीच आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे.

बोयोशिया प्रांतात ओरायन या शिकाऱ्याच्या दोन मुली होत्या, मेनिपी आणि मेटिओकी. बाप मेलेला होता. आईने मुलींना वाढवले आणि अथीना देवीने त्यांना विणकाम शिकवले. त्या प्रांतात पटकीसारखी साथ आली, माणसे पटापट मरू लागली. लोकांनी अपोलो देवाचा कौल घेतला. कौल आला, की पाताळातील दोन देव कोपले आहेत. दोन कुमारिकांनी आपणहून प्राण दिले तर त्यांचा कोप शांत होईल. गावातली एकही मुलगी पुढे आली नाही. ही बातमी मागावर बसलेल्या या दोन बहिणींच्या कानी गेली. इतरांनी साथीत मरण्यापेक्षा आपण मरावे, असे म्हणून त्यांनी हातातल्या धोट्यानेच स्वतःचा प्राण घेतला. त्यांचे रक्त पाहून हेडीज आणि पर्सिफोनी यांना दया आली. त्यांनी मुलींची शरीरे नाहीशी करून त्यांचे धूमकेतू केले.

ही कथा हळुवार आहे, आणि भयंकरही आहे. कोप झाला आहे असे पाताळातल्या देवांनी स्वतः कुठे म्हटले? ते म्हटले कौलाने, म्हणजे माणसांनी ऐकलेल्या आणि माणसांनी अर्थ लावलेल्या शब्दाने. देवांविषयी कथा जे प्रत्यक्ष सांगते ते एवढेच, की त्यांना दया आली. आणि त्या कल्पित कोपाची किंमत कोणी दिली? बाप नसलेल्या, हाताने विणून पोट भरणाऱ्या दोन मुलींनी. मोठ्या घरच्या मुली घरातच राहिल्या. आपत्तीला ‘कोप’ हे नाव दिले की कोणाला तरी दोषी ठरवावे लागते किंवा कोणाला तरी बळी द्यावे लागते, आणि दोन्ही वेळा सर्वांत दुबळा माणूस हाताशी सापडतो. ग्रीकांच्या कथाकारांना हे कळले होते की नाही ते असो. कथेच्या रचनेत मात्र ते उतरले आहे.

आता यमाकडे येऊ. आपल्या घरोघरच्या बोलीत यम भीतिदायकच आहे. यमदूत, यमपाश, यमयातना, यमसदन हे शब्द ख्रिस्ती घरांतही सहज उच्चारले जातात. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्तसभेत तर नरकालाच ‘येमकोंड’ म्हणतात. म्हणजे जपमाळ हाती घेऊन नरकाग्नीतून सुटकेची याचना करणारा गोवेकर भाविक नकळत या जुन्या देवाचे नाव घेत असतो. तथापि ऋग्वेदातील यम हा शिक्षा करणारा अधिकारी नाही. तो पहिला मर्त्य मानव आहे. सर्वांच्या आधी तो मेला आणि मागून येणाऱ्यांसाठी त्याने वाट शोधून काढली. नाणेघाटासारख्या वाटेच्या माथ्यावर त्याला नमन करणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता की नव्हता, हे शिलालेख सांगत नाही. त्याला दिशेचा रक्षक म्हणून वंदन केले आहे, त्याचा कोप टळावा म्हणून विनवणी केलेली नाही, हे मात्र स्पष्ट आहे.

यमाच्या रागाची कथा शोधावयास गेले तर रागावलेले दुसरेच कोणी सापडते. कठोपनिषदात बापाने यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गायी दान दिल्या. मुलगा नचिकेता त्याला विचारू लागला, “मला कोणाला देणार?” चिडलेल्या बापाने उत्तर दिले, की तुला मृत्यूला दिले! मुलगा यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता. मुलगा तीन रात्री उपाशी बसून राहिला. यम परतला तेव्हा अतिथी उपाशी राहिला म्हणून तोच ओशाळला आणि त्याने तीन वर देऊ केले. मुलाने पहिला वर मागितला तो असा, की माझ्या पित्याचा राग शांत व्हावा. मृत्यूच्या घरी जाऊन मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे जिवंत माणसाच्या रागावर उतारा! क्रोध पृथ्वीवर होता. पाताळात मिळाले ते आतिथ्य.

महाभारतातील मांडव्य ऋषींची कथा तर याच्याही पुढे जाते. या निरपराध ऋषींना राजाने चोर समजून सुळावर चढवले. पुढे त्यांनी धर्मराजाला, म्हणजे यमालाच, जाब विचारला. लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचलीस, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा बाळपणीच्या चुकीला एवढी शिक्षा? मांडव्यांनी धर्मालाच शाप दिला आणि त्याला विदुर होऊन दासीच्या पोटी जन्म घ्यावा लागला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे कृत्य पाप मानले जाणार नाही, अशी मर्यादाही ऋषींनी घालून दिली. ज्यांनी ही कथा रचली त्यांना एक गोष्ट असह्य झाली होती. प्रत्येक दुःखामागे कुठले तरी पाप शोधून काढणारा न्याय हा न्याय नव्हे, हे त्यांना उमगले होते.

जुन्नर तालुक्यातच आळे या गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो हा रेडा, अशी लोकांची श्रद्धा. रेडा म्हणजे यमाचे वाहन. त्या मुक्या जनावराच्या तोंडी या मातीने क्रोध घातला नाही, पवित्र शब्द घातले. लोकमन शास्त्रार्थ न करताच पुष्कळ काही सांगून जाते, त्याचे हे एक उदाहरण.

यावर आपल्या श्रद्धेच्या अंगाने विचार केला पाहिजे, कारण हेडीज हा शब्द आपल्या पवित्र शास्त्रातही येऊन बसला आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रिया येथील यहुदी विद्वानांनी हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर हाती घेतले, तेव्हा ‘शिओल’ या मृतांच्या स्थानाला त्यांनी ‘हेडीज’ हाच शब्द योजला. नव्या करारातही तो शब्द आला. संत मत्तयच्या शुभवर्तमानात ज्या अधोलोकाच्या द्वारांचे ख्रिस्तसभेपुढे काही चालणार नाही, ती मूळ ग्रीकमध्ये हेडीजची द्वारे आहेत. प्रकटीकरणाच्या पुस्तकात पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हाती ज्या किल्ल्या आहेत, त्या मृत्यू आणि हेडीज यांच्या आहेत. त्याच पुस्तकाच्या शेवटी मृत्यू आणि हेडीज ही दोन्ही अग्निसरोवरात टाकली जातात. याचा अर्थ असा, की शास्त्राने जुन्या देवाचे नाव ठेवले आणि त्याचे देवपण काढून घेतले. हेडीज आता राजा उरला नाही. ते एक कुलूप लावलेले घर झाले, आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली.

प्रेषितांच्या श्रद्धाप्रकटनात ख्रिस्त अधोलोकात उतरला असे आपण म्हणतो. अनेक भाविक हे वाक्य पटकन म्हणून पुढे जातात, कारण त्याचा अर्थ त्यांना अवघड वाटतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षण’ ग्रंथाने तो उलगडून सांगितला आहे. येथे अधोलोक म्हणजे शिक्षा झालेल्यांचा नरक नव्हे, तर तारणकर्त्याची वाट पाहणाऱ्या मृतांचे स्थान. ख्रिस्त तेथे गेला तो खरोखरच मरण पावलेला मानव म्हणून, आणि गेला तो त्यांना सोडवावयास. पौर्वात्य ख्रिस्तसभेच्या चित्रांत ख्रिस्त अधोलोकाची मोडलेली दारे पायाखाली घालून उभा असतो आणि आदाम व हव्वा यांना मनगटाला धरून वर ओढीत असतो. पिरिथस पाताळात उतरला तो दुसऱ्याची पत्नी पळवावयास, आणि आसनाला चिकटून बसला. ख्रिस्त उतरला तो स्वतःचे काही मागावयास नव्हे, म्हणून अधोलोकाला त्याला धरून ठेवता आले नाही. ग्रीक वाचकाला हा फरक चटकन कळला असेल.

मग प्रश्न उरतो माळीणचा. त्या दिवशी सकाळी, मुसळधार पाऊस कोसळत असताना, डोंगराचा एक मोठा भाग घसरून खाली आला आणि चाळीसहून अधिक घरे गाडली गेली. गावाकडे नेहमीप्रमाणे आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसेना. त्याने कळवले तेव्हा बाहेरच्या जगाला घटना समजली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान चिखल उपसत अनेक दिवस राबले. अधिकृत गणनेनुसार १५१ माणसे मरण पावली. त्यांत मोठा भाग महादेव कोळी या आदिवासी समाजाचा होता. एक तान्हे बाळ आणि त्याची आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. उरलेल्यांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे करण्यात आले आणि २०१७ साली नवे गाव उभे राहिले.

अशा वेळी आपल्या तोंडी ‘कोप’ हाच शब्द येतो. कोणी निसर्गाचा कोप म्हणतात, कोणी दैवाचा, कोणी देवाचा. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. दुःख इतके मोठे असते की त्याला तेवढ्याच मोठ्या कर्त्याची गरज वाटते. पण या शब्दाने दोन अन्याय होतात. पहिला मृतांवर होतो. ते कोणाच्या तरी रागास पात्र होते, असा डाग त्यांच्यावर बसतो. दुसरा अन्याय सत्यावर होतो. माळीणच्या डोंगराचा अभ्यास करणाऱ्या भूवैज्ञानिकांनी जी कारणे पुढे ठेवली त्यांत कोप नव्हता. झिजून भुसभुशीत झालेला खडक आणि मातीचा जाड थर, थोड्या वेळात पडलेला प्रचंड पाऊस, उतारावर पाणी मुरण्याच्या आणि वाहून जाण्याच्या वाटांत झालेले बदल, शेतीसाठी डोंगर फोडून केलेले सपाटीकरण, अशी ती कारणे होती.

यांतील अखेरच्या कारणाविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे. डोंगरउतारावर हातांनी दगड रचून, बांध घालून भातखाचरे करण्याची रीत या भागात जुनी आहे. तिला ‘पडकई’ म्हणतात. गावची माणसे एकमेकांच्या शेतावर राबून ती करीत. यंत्राने भराभर फोडलेला उतार आणि माणसाने वर्षानुवर्षे बांधलेले खाचर, यांत फरक आहे. शिवाय पोटापुरते भात पिकवू पाहणाऱ्याला डोंगराच्या अंगावरच जमीन का शोधावी लागते, हाही प्रश्न आहे. याच खोऱ्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने आंबेगाव जलाशयात बुडाले. खालची सपाट जमीन पाण्याखाली गेली की माणूस वर सरकतो. तेव्हा ‘लोकांनीच डोंगर फोडला, भोगा आता फळे’ असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्या विणकर मुलींच्याच गळ्यात दोष बांधणे होय.

प्रभू येशूपुढे नेमका हाच प्रश्न आला होता. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते अठरा जण यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे प्रभूने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, की नाही. या ‘नाही’मध्ये मांडव्य ऋषींच्या संतापाला उत्तर आहे, इयोबाच्या मित्रांना उत्तर आहे, आणि बोयोशियातील कौलालाही उत्तर आहे. मात्र प्रभू तेथे थांबला नाही. त्याने लगेच ऐकणाऱ्यांकडे पाहून म्हटले, की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. वरवर पाहता हे दोन उद्गार परस्परविरोधी वाटतात. मेलेल्यांना पापी म्हणू नका, आणि जिवंत आहात ते बदला. वस्तुतः ते एकाच विचाराचे दोन भाग आहेत. मृतांकडे दाखवलेले बोट प्रभूने खाली घेतले आणि जिवंतांची जबाबदारी त्यांच्या पदरात टाकली.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील, की पवित्र शास्त्रात देवाच्या क्रोधाचे उल्लेख पानोपानी आहेत, ते पुसून टाकावयाचे काय? ते पुसण्याचे कारण नाही. तो क्रोध कोणावर आहे, हे मात्र वाचले पाहिजे. आमोस संदेष्टा सांगतो, की गरिबाला पायताणांच्या जोडीसाठी विकणाऱ्यांवर परमेश्वर कोपला आहे. यशया सांगतो, की घराला घर आणि शेताला शेत जोडीत जाणाऱ्या, दुसऱ्याला देशात जागाच न ठेवणाऱ्या लोकांना धिक्कार असो. हा क्रोध गाडल्या गेलेल्यांवरचा नाही. गाडल्या जाण्याची पाळी ज्यांच्यामुळे येते त्या व्यवस्थेवरचा तो आहे. प्रेम करणाऱ्याला अन्याय पाहून जे वाटते, त्यालाच संदेष्ट्यांनी क्रोध म्हटले. हेडीजला राग नव्हता, कारण त्याला माणसांची माया नव्हती. आपल्या देवाला राग येतो, तो माया आहे म्हणून. पण तो डोंगर ढकलून राग काढीत नाही.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ साली आपला अहवाल दिला होता. तीव्र उतारांवर काय करू नये, याविषयी त्यात सूचना होत्या. तीन वर्षांनी माळीण झाले. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यात तळीये गावावर दरड कोसळली, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही आदिवासी वस्ती गाडली गेली. प्रत्येक वेळी मेली ती डोंगराला धरून राहणारी गरीब माणसे, आणि प्रत्येक वेळी आपण ‘कोप’ म्हणालो. प्रभूने सांगितलेला पश्चात्ताप येथे केवळ पापनिवेदनाच्या जागी गुडघे टेकून संपणारा नाही. धोक्याच्या वस्त्यांची नोंद वेळेवर होणे, पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की माणसे हलवली जाणे, आणि ती हलवली जाताना त्यांची जमीन, गुरे आणि नाती तुटणार नाहीत असे पाहणे, हेही त्या पश्चात्तापाचेच भाग आहेत. आपल्या धर्मग्रामांतून आपत्तीनंतर धान्य, चादरी आणि औषधे जातात, ते चांगलेच आहे. आपत्तीपूर्वीही आपला आवाज तेथे पोहोचला तर ते अधिक बरे.

या संदर्भात जुन्नरच्या त्या यवन दात्याकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. ग्रीक परंपरेत पाताळातील देवांसाठी जमिनीत खड्डा खणीत आणि त्यात मध, मद्य, काळ्या मेंढ्याचे रक्त ओतीत. ओडिसी महाकाव्यात मृतांना भेटावयास गेलेला ओडिसियस हेच करतो. इरिल यवनानेही इथला कातळ खणविला, पण त्यात त्याने रक्त ओतले नाही. त्याने पाण्याची दोन टाकी करून दिली. पुढे क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानेही वर्ष ४६ मध्ये मानमोडीला एक टाके आणि एक मंडप दिला, तोही पुण्यासाठी. दात्यांचे देव आणि देश वेगळे असतील. पण पावसाळ्यात कोसळणाऱ्या आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या डोंगरात माणसाला कशाची गरज आहे, हे त्यांनी ओळखले होते. पाताळाची मर्जी राखण्याऐवजी त्यांनी वाटसरूची आणि भिक्षूची तहान भागवली.

दरवर्षी २ नोव्हेंबरला आपण सर्व मृतांचे स्मरण करतो. दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो, धर्मगुरू कबरींवर पवित्र जल शिंपडतात. हिंदू शेजारी त्याच सुमारास, धनत्रयोदशीला, यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात. दोन्ही दिव्यांचा अर्थ एक नाही, आणि तो एक आहे असे म्हणण्याचे कारणही नाही. शेजारी अपमृत्यू टळावा म्हणून दिवा लावतो. आपण मृतांना शाश्वत प्रकाश लाभावा म्हणून प्रार्थना करतो. तथापि अंधाराला शिव्या देण्यापेक्षा तेथे दिवा न्यावा, एवढे दोघांनाही कळलेले आहे. त्या दिवशी आपल्या आप्तांची नावे घेताना ज्यांना कबरही लाभली नाही, ज्यांच्यावर डोंगरच कबर होऊन पडला, अशा शेजारच्या तालुक्यातील माणसांसाठीही एक प्रार्थना म्हणावी. आणि ती म्हणताना ‘कोप’ हा शब्द उच्चारू नये. ज्याच्या हाती मृत्यूच्या किल्ल्या आहेत तो त्या माणसांवर रागावलेला नव्हता. तो त्यांच्याआधी त्या अंधारात उतरलेला होता.